पांढरी राहिलेली चकती

माझा पहिला अहवाल खोटा होता. त्यातला एकही आकडा मी मनाने घातला नव्हता. काटा बरोबर होता, गणित दोनदा तपासलं होतं, तरी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत खोटा होता. त्याला मला शंभरातले ब्याऐंशी गुण मिळाले.

मी परदेशात पर्यावरण आणि व्यावसायिक आरोग्य शिकते. फोनवर हे नाव सांगितलं की आई दर वेळी विचारते, "म्हणजे डॉक्टरच ना?" नाही. डॉक्टर माणूस आजारी पडल्यावर येतो. आम्ही माणूस कामावर कशाने आजारी पडतो ते आधीच मोजतो. धूळ, आवाज, वाफा, उष्णता. "मोजून काय करता?" अहवाल लिहितो. "आणि मग?" या 'आणि मग'चा तास आमच्या वेळापत्रकात नाही.

राहते मी ताईकडे. कपडे धुण्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत ताई आणि दाजी, दुसरीत मी, जेवणाचं टेबल आणि वाळत घातलेले कपडे. दाजी दगडाच्या कारखान्यात कापणीवाले. स्वयंपाकघराचे ओटे बनवतात. डोंगरातून काढलेल्या दगडाचे नाही, कारखान्यात दाबून केलेल्या दगडाचे. दगडाचा भुगा आणि चिकट रसायन एकत्र दाबून या लाद्या करतात. दिसायला देखण्या, डाग न पडणाऱ्या, मागाल त्या रंगात. ओटा बसवायचा म्हणजे लादी मापाने कापायची, सिंकसाठी भोक पाडायचं आणि काठ ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचे. दाजींच्या कारखान्यात हे सगळं कोरडं चालायचं. पाणी लावून कापलं की चिखल होतो, चिखल काढायला माणूस लागतो, आणि माणूस मोकळा नसतो.

या दगडात शंभरातले नव्वद भाग सिलिका असते. तिची बारीक धूळ छातीत गेली की तिथेच बसते. तिच्याभोवती फुप्फुसाला वण धरतात. वण श्वास घेत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. तुमच्या ओट्याला जिथे सिंकचं भोक आहे ना, तिथला दगड कुठेतरी गेलेला असतो. त्यातला थोडा कुणाच्या तरी छातीत असतो.

दाजी सहा महिने खोकत होते. ताईला वाटायचं चोरून सिगारेट ओढतात. ती त्यांचे खिसे हुंगायची.

"काय मिळालं का?" दाजी विचारायचे.

"दगडाचा वास येतोय."

"मग दगडच ओढतो असं समज."

हा विनोद आमच्या घरात सहा महिने चालला. मी पण हसायचे. मी, जिच्या दप्तरात याच विषयाचं पाचशे पानी पुस्तक होतं.

दुसऱ्या सहामाहीत प्रत्येकाने एका कामाच्या जागी जाऊन मोजणी करायची होती. जागा ज्याची त्याने शोधायची. विद्यार्थी म्हटलं की मालक दार लावून घेतात. मी अकरा ठिकाणी नकार खाल्ला. शेवटी दाजींनी त्यांच्या मालकाकडे शब्द टाकला. मालक म्हणाला, "तुझी मेहुणी ना? येऊ दे." त्याचंही काम होतं. पाण्यावर चालणारी कापणी आणि धूळ ओढणारे पाइप बसवायचा विचार त्याच्या डोक्यात वर्षभर घोळत होता. यंत्र पसंत करून ठेवलेलं, फक्त मागवायचं बाकी होतं. आमच्या मॅडमना तो म्हणाला, "आकडा वाईट आला तर बसवतो. चांगला आला तर कशाला?" मॅडमना हे रास्त वाटलं. मलाही वाटलं. म्हणजे दाजींच्या छातीत धूळ जायची थांबणार की नाही, हे माझ्या एका दिवसाच्या कामावर ठरणार होतं. मला तेव्हा ते असं दिसलंच नाही. मला माझी परीक्षा दिसत होती.

मोजायची रीत साधी आहे. तळहाताएवढा पंप कमरेच्या पट्ट्याला लावायचा. त्याची नळी पाठीवरून खांद्यावर घ्यायची. नळीच्या टोकाला डबी, ती कॉलरला चिमट्याने अडकवायची. डबीत नाण्याएवढी पांढरी चकती. माणूस जी हवा नाकाने घेतो तीच डबीने घ्यायला हवी, म्हणून डबी नाकापासून वीतभराच्या आत. कामाची पाळी संपली की चकती प्रयोगशाळेत द्यायची. तिथे वजन करतात, सिलिका किती ते काढतात.

सकाळी सातला मी कारखान्याच्या कपडे बदलायच्या खोलीत तिघांना पंप लावले. एक दाजी. दुसरा एक उंच माणूस, कधीच टोपी न काढणारा, त्याला सगळे टोपीवाला म्हणायचे. तिसरा काठ घासणारा, दिवसात चार शब्द बोलणारा, म्हणून दाजींनी त्याचं नाव गप्या ठेवलं होतं. आमची भाषा फक्त दाजींना येत होती, आणि मी बावचळले की माझी इथली भाषा पळून जायची. म्हणून मी दाजींना सांगितलं, दाजींनी त्या दोघांना.

"हे काय मेहुणीबाई, कुत्र्याचा पट्टा?"

"हलू नका दाजी."

"चावलो तर?"

"ताईला सांगेन."

"मग नको बाबा."

मी घाईत होते. पंप विद्यापीठाच्या भांडारातून माझ्या सहीवर आणले होते, तिथल्या बाईने तीनदा बजावलं होतं. सांगायच्या गोष्टी माझ्या हातातल्या कागदावर क्रमाने लिहिलेल्या होत्या. डबी कॉलरवरून का हलवायची नाही, हे त्यात चौथ्या क्रमांकावर होतं. मी म्हणाले, "हे हवा ओढतं आणि धूळ मोजतं. जपा हं दाजी. विद्यापीठाचं आहे, माझ्या नावावर घेतलंय. बिघडलं तर माझी परीक्षा अडकेल."

एवढंच. चौथ्या क्रमांकापर्यंत मी गेलेच नाही.

दाजींचा चेहरा एकदम गंभीर झाला. "तू निर्धास्त राहा," ते म्हणाले आणि त्या दोघांकडे वळून बराच वेळ काहीतरी समजावत राहिले. मला बरं वाटलं. कुणीतरी माझं काम मनावर घेतलं होतं.

मग मालकाने मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. "आत कशाला उभ्या राहता? कपडे खराब होतील, धूळ असते." धूळ मोजायला आलेल्या मुलीला धूळ असते म्हणून बाहेर बसवलं, आणि ती बसली. कॉफी प्यायली. काचेतून आतलं पांढरं धुकं दिसत होतं, त्यात माणसांच्या आकृत्या. निरीक्षणाच्या तक्त्यात मी दर अर्ध्या तासाला लिहिलं, "कामगार कापणी करत आहे. उपकरण जागेवर." तासातासाने पंपाचा वेग तपासायचा असतो. मी काचेवर टकटक करायचे. ते तिघं एकेक करून केबिनच्या दाराशी यायचे, कॉलरवर डबी, कमरेला पंप, अगदी नीट. मी वेग बघायचे, ते परत जायचे.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तिन्ही चकत्यांवर सिलिका कायद्याच्या मर्यादेच्या जेमतेम एक दशांश. मॅडम खूश. मालक त्याहून खूश. त्याने अहवालाचं पहिलं पान केबिनच्या काचेला आतून चिकटवलं आणि यंत्राचा विचार सोडून दिला.

नियमाप्रमाणे एक चकती नुसती फिरवून आणायची असते. पंपाला न लावता. तिला कोरी म्हणतात. दाजींच्या चकतीचं वजन आणि त्या कोऱ्या चकतीचं वजन जवळजवळ सारखं होतं. हे तक्त्यात शेजारीशेजारी छापलेलं होतं. मी बघितलं नाही. मॅडमनी बघितलं नाही. वाईट आकडा आला तर तीनतीनदा तपासतात. चांगल्या आकड्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. ताईने माझ्या ब्याऐंशी गुणांचं कौतुक म्हणून काहीतरी गोड केलं होतं. दाजींनी वाटी संपवली आणि खोकला आवरत म्हणाले, "यात माझे पण वीस गुण धर."

"ते कसे?" ताई म्हणाली.

"अगं, हिच्या मशीनला मी धुळीचा कण लागू दिला नाही. विचार तिला, जसं दिलं तसं परत केलं की नाही?"

माझा चमचा हातातच राहिला. "म्हणजे काय केलंत दाजी?"

"काय म्हणजे? कापायला लागलो की काढून ठेवायचो. आत, कपड्यांच्या खोलीत, खुंटीला. वर स्वच्छ फडकं. तू टकटक केलीस की घालून यायचो. त्या दोघांनाही तेच सांगितलं, पोरीची परीक्षा आहे, मशीन जपा. टोपीवाला तर स्वतःचं फडकं विसरला म्हणून टोपी काढून झाकायला निघाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं टक्कल बघितलं आम्ही."

ताई हसायला लागली. मी हसले नाही.

"दाजी, ते कॉलरवर राहायला हवं होतं. कापताना."

"हवा तीच की गं. शेडमधली हवा, खोलीतली हवा, मध्ये एक दार. तू म्हणालीस हवा ओढतं."

मी तसंच म्हणाले होते.

त्या कारखान्यात प्रत्येकाचा ग्राइंडर वेगळा. दुसऱ्याचं हत्यार मागून आणलं तर ते कोरड्या कापणीला लावायचं नाही, त्याच्या जाळीत भुगा जाऊ द्यायचा नाही, वापरून पुसून परत द्यायचं. हा तिथला कायदा, कुठे लिहिलेला नाही, पण मोडणाऱ्याशी चार दिवस कुणी बोलत नाही. मी जाऊन सांगितलं की हे दुसऱ्याचं आहे, जपा. त्यांनी जपलं. स्वतःची छाती वापरली आणि पंप जपला.

"मग अहवाल?" ताईने विचारलं. ती पटकन पोचते.

"खोटा. तो कपड्यांच्या खोलीचा अहवाल आहे. कोट आणि चपला किती धूळ खातात त्याचा."

"आणि आता?"

"उद्या मॅडमना सांगणार."

दाजींनी वाटी सरकवली. "काय सांगणार? माझं नाव?"

"जे झालं ते."

"मेहुणीबाई, दारावर पाटी आहे आमच्या. तपासणीत ढवळाढवळ करणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर. आणि माझा इथे राहायचा परवाना मालकाच्या सहीवर आहे. मी बाहेर म्हणजे ताई बाहेर, ताई बाहेर म्हणजे तू कपडे धुवायच्या दुकानात झोपणार." आवाज चढला नव्हता. तसं असलं की मला जास्त भीती वाटते. "मी ठणठणीत आहे. खोकला काय, सगळ्यांनाच असतो."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"टोपीवाल्याला आहे. गप्याला आहे."

"दाजी, तुम्ही ऐकताय का स्वतःचं?"

ताई मध्ये पडली. "परीक्षा संपू दे. पदवी हातात आली की सांग. तोवर काय होतंय?"

"तोवर हे रोज आठ तास कापतायत. ते यंत्र येणार होतं ताई. माझ्या कागदामुळे ते येत नाही."

"तुझ्या कागदामुळे," दाजी म्हणाले. "हे मान्य आहे ना? मग कागद तू बदल. मला मध्ये घेऊ नकोस." आणि उठले. हात धुताना खोकले. नळ चालू ठेवून खोकले, म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये.

रागात ते बोलून गेले, पण वाट त्यांनीच दाखवली होती. चूक कुणाची होती? चौथा क्रमांक कुणी सांगितला नाही? काचेआड कॉफी कोण पीत होतं? 'उपकरण जागेवर' हे न बघता कुणी लिहिलं? मी एका पानावर लिहिलं: नमुने घेताना कामगारांना आवश्यक सूचना मी दिल्या नाहीत. कापणीच्या वेळी मी कामाच्या जागी हजर नव्हते. निरीक्षणाचा तक्ता मी प्रत्यक्ष न बघता भरला. उपकरणं कापताना अंगावर नव्हती. नमुने ग्राह्य धरू नयेत. खाली सही. कुणाचं नाव नाही, आणि एक शब्द खोटा नाही.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"तुला कळतंय ना याचा अर्थ? सहामाही पुन्हा करावी लागेल."

"कळतंय."

"पंप कुणी काढून ठेवला?"

"काढून का ठेवायचा नाही हे मी सांगितलं नव्हतं. मग कुणी ठेवला याने काय फरक पडतो?"

"त्या अहवालावर माझीही सही आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आले."

हे उद्धट होतं. मला माहीत आहे. मॅडमनी वेळापत्रक उघडलं. मग म्हणाल्या, पुढचा गट दहा आठवड्यांनी जाणार आहे, तेव्हा त्यांच्याबरोबर ही जागाही घेऊ.

"मॅडम, दहा आठवडे ते कोरडंच कापणार."

"व्यवस्थेला वेळ लागतो."

"फुप्फुसाला लागत नाही."

मग मी निकालाचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि दोन वजनांवर बोट ठेवलं. कोरी चकती. दाजींची चकती. मॅडमनी बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या वाईट बाई नाहीत. वीस वर्षं आकडे बघून माणसाला आकडेच दिसायला लागतात, एवढंच. "हे मला दिसायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

अहवाल मागे घेतला, आठवडाभरात पुन्हा मोजणार, असं मालकाला त्याच दिवशी कळवलं. तो चिडला. आवाज न चढवता चिडला. काचेवरचं पान सोलून काढताना त्याने दाजींना बोलावलं. दाजींनी हे मला नंतर सांगितलं.

"तूच ना?"

"हो, मीच. तिचं मशीन खराब होईल म्हणून काढलं."

"याला ढवळाढवळ म्हणतात."

पाटीकडे बोट गेलं. पण टेबलावर मॅडमचं पत्र होतं, सोबत माझ्या कबुलीची प्रत. सूचना देणं विद्यार्थिनीचं काम होतं, तिने दिल्या नाहीत, कामगारांचा दोष नाही. आता दाजींना काढलं असतं तर का काढलं ते कागदावर लिहावं लागलं असतं, आणि मॅडम पुन्हा येणार होत्याच. मालक मूर्ख नव्हता. "जा, काम कर," म्हणाला.

दाजी घरी येऊन माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवस. मीठसुद्धा ताईमार्फत मागायचे, मी शेजारी बसलेली असताना. "तिला सांग, मीठ." ताई वैतागली. "मी काय टपाल खातं आहे का?"

पाचव्या दिवशी मी तीन मास्क घेऊन आले. विद्यापीठातून. दोन्ही गालांना घट्ट बसणारे, बाजूला धूळ अडवणाऱ्या गोल चकत्या असलेले. कारखान्यात ते तिघं नाकाला फडकं बांधायचे. फडक्याने सिलिका अडत नाही, फक्त शिंका अडतात. डबी मास्कच्या बाहेर कॉलरवर असते, त्यामुळे मास्क लावला म्हणून आकडा बदलत नाही. हे सगळं मी या वेळी सावकाश सांगितलं, ताईकडे बघून, कारण दाजी माझ्याकडे बघत नव्हते.

"फक्त एक आहे," मी म्हणाले. "दाढी असली की मास्क गालाला बसत नाही. फटीतून धूळ जाते."

"तिला सांग," दाजी ताईला म्हणाले, "दाढी माझी आहे. विद्यापीठाची नाही."

दुसऱ्या दिवशी मोजणी होती. सकाळी सहाला न्हाणीघराचं दार उघडलं आणि दाजी बाहेर आले. दाढी नव्हती. हनुवटी लहान मुलासारखी, चेहऱ्याचा खालचा भाग पांढरा, वरचा सावळा. ताईने तोंडावर हात दाबला. बोटांतून हसू बाहेर पडायचं ते पडलंच.

"अहो, लग्नाच्या फोटोतले कुठून उगवलात?"

"चहा दे," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पाच दिवसांत पहिल्यांदा, "आणि तू, या वेळी कागद पूर्ण वाच."

मी पूर्ण वाचला. एक ते नऊ. टोपीवाल्याकडून आणि गप्याकडून परत म्हणवून घेतलं. डबी नाकापासून वीतभर का, तर तुमचं नाक जे घेतं तेच तिने घ्यायचं. ती घाण झाली तरच तिने काम केलं. "घाण करायची म्हणजे?" टोपीवाल्याला पटेना. "दुसऱ्याची वस्तू घाण?"

"हो. मला घाण करून हवी आहे."

गप्या म्हणाला, "विचित्र." दिवसातल्या चार शब्दांपैकी एक त्याने माझ्यावर खर्च केला.

मॅडम पहिला तास थांबून गेल्या. मी मास्क लावून दाजींच्या टेबलापाशी उभी राहिले, दोन हातांवर. आत काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ग्राइंडर दगडाला टेकला की आधी आवाज छातीत घुसतो, मग समोरचा माणूस दिसेनासा होतो. दाजी दिसेनासे व्हायचे. नुसता खांदा आणि त्यावर ती डबी. दहा मिनिटांनी धुकं खाली बसायचं, आणि ते पुन्हा उठवायचे.

साडेदहाच्या सुमारास दाजींनी ग्राइंडर बंद केला. माझ्या काळ्या सदऱ्याकडे बघितलं. तो पांढरा झाला होता. ते कोपऱ्यात गेले, फरशी धुवायची बादली भरून आणली आणि अर्ध्या कापलेल्या लादीवर पाणी ओतायला लागले.

"दाजी, काय करताय?"

"तू उभी आहेस ना इथे. पाण्याने बसते धूळ. मला माहीत आहे, मी काय गाढव आहे?"

"रोज ओतता?"

"रोज कोण उभं असतं?"

मला रडू आलं नाही. राग आला. त्यांचा नाही. ज्या शेडमध्ये पाण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, बादली दहा पावलांवर आहे, आणि तरी माणूस ती स्वतःसाठी उचलत नाही, दुसऱ्यासाठी उचलतो, त्या शेडचा आला. ती तशी बांधून चालवणाऱ्याचा आला. आणि मग मला ते वाक्य बोलावं लागलं. विद्यापीठाने शिकवलेल्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य.

"दाजी, पाणी नको. आज रोजच्यासारखंच कापा."

त्यांनी ओतती बादली सरळ धरली.

"पाणी लावलंत तर आकडा चांगला येईल. पुन्हा खोटा येईल. मग यंत्र येणार नाही."

"म्हणजे धूळ खायची."

"आज खायची. मास्क घट्ट लावून. आणि मी इथेच उभी राहणार."

दाजींनी बादली खाली ठेवली. लादी फडक्याने कोरडी केली, कोपऱ्याकोपऱ्यातून. मास्कचे पट्टे ओढून बघितले. मग माझे ओढून बघितले, एक घट्ट केला. ग्राइंडर सुरू झाला. पाळी संपेपर्यंत मी तिथून हलले नाही आणि ते एकदाही थांबले नाहीत. मला वाटतं त्यांनी त्या दिवशी दोन ओटे जास्तच कापले असतील.

आकडा आला. दाजी मर्यादेच्या नऊ पट. टोपीवाला सात. गप्या अकरा, कारण काठ घासणं सगळ्यात वाईट. या वेळी कोरी चकती कोरीच होती आणि बाकीच्या तीन करड्या.

मालकाने कोरडी कापणी बंद केली. करावीच लागली. या वेळी अहवाल थेट वर, सरकारी खात्याकडे गेला होता. पाण्याचं यंत्र पाच आठवड्यांनी येणार, तोवर तिघांनी लोकांच्या घरी जाऊन ओट्यांची मापं घ्यायची. माझे ब्याऐंशी गुण गेले, त्या जागी गुणपत्रिकेत आडवी रेघ आली. सहामाही पुन्हा. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "डॉक्टर लोकांना असंच अवघड असतं."

तिघांच्या छातीचे फोटो काढायचं ठरलं. दाजींचा पहिला होता. भाषेसाठी मी सोबत गेले. डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी. तिने फोटो उजेडावर लावला आणि वरच्या भागात पेनाने तीन ठिकाणी दाखवलं. बारीक ठिपके. साबुदाण्यासारखे. सुरुवात आहे, म्हणाली. गेलेलं परत येत नाही, पण धूळ थांबली तर वाढणं रोखता येईल असं धरून चालू. दगड कापणं बंद. पाणी असलं तरी बंद.

मी शब्दाला शब्द दाजींना सांगितला. काही गाळलं नाही. त्यांनी हनुवटी चोळली.

"किती वर्षं कापताय?" तिने विचारलं.

"नऊ."

"नऊ वर्षांत कुणी मोजलं नाही?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि तिच्या भाषेत, मोडक्या शब्दांत सांगितलं, "एकदा मोजलं. चांगलं आलं."

"ती मोजणी मी केली होती," मी म्हणाले. "चुकीची होती. रद्द केली. नंतरची नऊ पट आहे." कागद तिच्यापुढे ठेवला. तिने दोन्ही तारखा लिहून घेतल्या.

बाहेर आल्यावर दाजी पायरीवर बसले. मी शेजारी बसले. समोर एक माणूस गाडी धूत होता, आम्ही दोघं त्याच्या पाण्याकडे बघत होतो.

"सगळ्यांना अशीच सांगत फिरणार आहेस का? चूक माझी, चूक माझी?"

"जिथे होती तिथे, हो."

"आणि मी मापं घेत फिरणार. लोकांच्या स्वयंपाकघरांत. काल एकीने मला बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं." खोकले. या वेळी नळ नव्हता. "पाच आठवड्यांनी काय?"

"मॅडमचं पत्र जाणार आहे. मापांवरच ठेवा म्हणून. ठेवेल की नाही माहीत नाही. नाही ठेवलं तर दुसरं पत्र लिहू."

"तुमच्याकडे पत्रं बरीच असतात."

"तेवढीच असतात दाजी."

त्यांनी बुटाची नाडी आवळली. मग म्हणाले, "टोपीवाल्याचा फोटो बुधवारी आहे. येणार नाही म्हणतोय. म्हणतो, बघितलंच नाही तर काही नसतं. गप्या येईल, गप्या माझं ऐकतो. याला तू सांग. सगळं सांग. चौथा नंबर वाचला नाही तिथपासून."

"आत्ता?"

"मग कधी? दुपारपर्यंत घरी असतो. त्याची बायको असेल तर बरं, ती त्याला धरून आणेल." ते उठले, पँट झटकली. "आणि त्याच्या टकलाबद्दल तुला माहीत आहे हे दाखवू नकोस."

आम्ही बसथांब्याकडे निघालो. चढावर दाजी दोनदा थांबले. दोन्ही वेळा मी थांबले.